पाटा वाढवण्याआधी गाडी काट्यावर घ्या

टिपर मागून बसला की मालक कमानवाल्याकडे येतो आणि एकच मागणी करतो, "उस्ताद, दोन पाटे वाढवा." उस्ताद पाटे वाढवतो, मजुरी घेतो, गाडी खाणीवर परत जाते. काही महिन्यांनी तीच गाडी परत येते. कधी मेन पाटा तुटलेला, कधी चॅसिसला तडा, कधी शॉकपचा कान उपटलेला. मालक म्हणतो माल खराब होता, दुकानदार म्हणतो काम खराब होते, कमानवाला म्हणतो गाडीच ओव्हरलोड होती. तिघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य असते. पण मुळात गाडीवर किती वजन पडते आणि कमान किती दबते हे तिघांपैकी कोणीच मोजलेले नसते.

गॅरेज, कमानकाम, लोहारकाम, वेल्डिंग, स्पेअर पार्टची दुकाने, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री या धंद्यांत आपल्यापैकी कित्येक घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर घेण्यासारखा आहे. कोकणातील जांभ्याच्या आणि काळ्या दगडाच्या खाणी, देशावरचे खडी क्रशर, धरणांची व रस्त्यांची कामे, अशा ठिकाणी जे टिपर चालतात त्यांचा अर्धा प्रवास डांबरी रस्त्यावर नसतोच. त्या गाडीची कमान निवडणे आणि महामार्गावर कापूस नेणाऱ्या ट्रकची कमान निवडणे ही दोन वेगळी कामे आहेत. आपल्याकडे दोन्हींना एकच औषध दिले जाते.

पहिली गडबड मापातच होते. खाणीवर माल ब्रासमध्ये मोजतात. ब्रास म्हणजे १०० घनफूट. ते जागेचे माप झाले, वजनाचे नव्हे. एक ब्रास खडी साधारण सव्वाचार ते साडेचार टन भरते. वाळू कोरडी असेल तर तेवढीच, पण पावसात भिजलेली असेल तर पाच टनांच्या पुढे जाते. मालक सांगतो, "गाडी नेहमीसारखी तीन ब्रासच भरतो." पण उन्हाळ्यातले तीन ब्रास आणि जुलैमधले तीन ब्रास यांत दीड-दोन टनांचा फरक पडू शकतो. शिवाय फळ्या लावून डोंगर भरला तर तीन ब्रास हे नावापुरतेच.

कायद्याचे आकडे सर्वांना माहीत असावेत. २०१८ साली केंद्र सरकारने एक्सलची मर्यादा वाढवली. चार टायरच्या एकेरी मागील एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली, पुढच्या एक्सलची ६ वरून ७ टन आणि दुहेरी एक्सलची १९ वरून २१ टन. म्हणजे सहा चाकी गाडी एकूण १८.५ टनांची. गाडी रिकामी सहा-साडेसहा टन धरली तर माल राहतो बारा टन, म्हणजे खडी पावणेतीन ब्रास. त्याच्या वर जे भरले जाते ते कमान सोसो वा न सोसो, आरटीओच्या पुस्तकात बसत नाही. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड लिहिला आहे. पाटे वाढवल्याने एक्सलची नळी, ब्रेकचे ड्रम, टायर आणि चॅसिस यांची ताकद एका किलोनेही वाढत नाही. हे कमानवाल्याने गिऱ्हाइकाला तोंडावर सांगावे. सांगत नाही तो गिऱ्हाईक जाईल या भीतीने. पण तेच गिऱ्हाईक पुढे तुटलेला एक्सल घेऊन त्याच्याच दारात भांडायला येते.

आता कायद्याच्या आत भरलेली गाडी घेऊ. तीही खाणीत अडचणीत येते, कारण तेथे वजन जागेवर राहत नाही. खाणीतून वर येणारा कच्चा रस्ता आठ फुटांना एक फूट चढतो असे धरा. भरलेली गाडी १८ टन, तिचा भारमध्य जमिनीपासून सहा फुटांवर, दोन एक्सलमधले अंतर बारा फूट. अठराला सहाने गुणा, बाराने भागा, पुन्हा आठाने भागा. उत्तर येते एक टनाहून थोडे जास्त. एवढे वजन चढावर पुढच्या एक्सलवरून उचलून मागच्या एक्सलवर येते. काट्यावर मागे साडेअकरा टन दाखवणारी गाडी चढावर साडेबारा दाखवेल. त्यात एक चाक खड्ड्यात गेले की त्या क्षणी त्या बाजूच्या कमानीवर याहून पुष्कळ जास्त भार आदळतो. कमान नुसता माल पेलण्यासाठी नसते. हा आदळणारा भार पचवण्यासाठी तिच्यात दबायला जागा शिल्लक असावी लागते. ही शिल्लक जागाच आपण विसरतो.

ती मोजायला महाग यंत्र लागत नाही. वजनकाटा आणि फूटपट्टी पुरते. रिकामी गाडी सपाट जागी उभी करा. दोन्ही बाजूंना एक्सलपासून चॅसिसच्या खालच्या कडेपर्यंत अंतर घ्या. त्याच्या वरचा रबरी ठोकळा एक्सलपासून किती दूर आहे तेही लिहा. मग नेहमीचा माल भरून गाडी काट्यावर घ्या. आधी नुसती पुढची चाके काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग नुसती मागची. पुन्हा तीच अंतरे घ्या. समजा मागचा एक्सल रिकामा अडीच टन आणि भरलेला साडेअकरा टन आला. फरक नऊ टन, एका बाजूला साडेचार टन. कमान ९० मिलिमीटर खाली आली असेल तर तिचा ताठपणा मिलिमीटरला ५० किलो झाला. रबरी ठोकळा रिकाम्या गाडीत १२० मिलिमीटरवर होता, तर आता शिल्लक ३० मिलिमीटर. खाणीच्या रस्त्याला ही शिल्लक अपुरी आहे. गाडी दर खड्ड्याला ठोकळ्यावर आपटणार.

येथे उस्ताद म्हणेल, मग पाटा वाढवायलाच हवा ना? थांबा. आधी रोग कोणता ते पाहू. रिकाम्या गाडीची उंचीच कमी भरत असेल आणि रिकामी-भरलेली यांतील फरक मात्र पूर्वीइतकाच असेल, तर कमानीचा ताठपणा ठीक आहे, फक्त गोलाई गेली आहे. तिला गोलाई हवी, पाटा नको. उलट रिकाम्या गाडीची उंची बरोबर आहे पण माल भरल्यावर ती फार खाली येते, तर एखादा पाटा आत तुटला आहे किंवा माल जास्त आहे. आणि एकच बाजू बसत असेल तर माल एका बाजूला पडतो का, तेही पाहावे. खाणीवर लोडर नेहमी एकाच बाजूने भरतो, हे साधे कारण कित्येकदा निघते.

दहा सारख्या पाट्यांच्या कमानीत अकरावा पाटा टाकला की ताठपणा सुमारे दहा टक्के वाढतो. वरच्या उदाहरणात ९० मिलिमीटरच्या जागी ८२ मिलिमीटर दबेल. मिळाले काय, आठ मिलिमीटर! बाकी जी उंची वाढलेली दिसते ती नव्या पाट्याला जास्त गोलाई दिल्याने. ती गोलाई बसायला काही आठवडे पुरतात. जाडीचे गणित मात्र निराळे आहे. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. १२ मिलिमीटरच्या जागी १४ मिलिमीटरचा पाटा घेतला तर त्या पाट्याचा ताठपणा दीडपटीहून जास्त, जवळजवळ ५९ टक्क्यांनी वाढतो. हे ऐकून मालक खूश होतो. पण सगळे पाटे एकत्रच वाकतात, आणि एकाच वाकाला जाड पाट्यावर ताण जास्त पडतो, १२ ला १४ या हिशेबाने सतरा टक्के जास्त. म्हणून मिसळ केलेल्या कमानीत तो नवा जाड पाटाच आधी तुटतो. लोक मग बाजाराला शिव्या देतात.

आणि टिपरचा अर्धा प्रवास रिकामा असतो, हे कोणी हिशेबात धरत नाही. माल टाकला की गाडी परत खाणीकडे. त्या रिकाम्या गाडीत वर धरलेली ५० किलोची कमानसुद्धा जेमतेम १५-२० मिलिमीटर दबलेली असते. चाकाला खड्ड्यात खाली उतरायला तेवढीच मोकळीक. कमान आणखी ताठ केली तर चाक रस्ता सोडून उडते, टायर ठिकठिकाणी खाल्ला जातो, बॉडीचे बोल्ट सैल होतात, चॅसिसच्या आडव्या पट्ट्यांचे रिव्हेट हलतात. ड्रायव्हरच्या पाठीचे काय होते ते त्याच्या घरच्यांना विचारा. मालक म्हणतो गाडी मजबूत केली. रिकाम्या फेरीत ती गाडी स्वतःला ठोकत असते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की खाणीच्या गाडीला मुख्य कमान जाड करण्यापेक्षा हेल्पर नीट लावावा. हेल्पर ही वरची छोटी कमान. रिकाम्या गाडीत ती मोकळी राहते आणि माल वाढला की टेकते. ती कधी टेकावी यावर सारे अवलंबून आहे. कित्येक गाड्यांत हेल्पर रिकाम्या गाडीतच टेकलेला दिसतो, म्हणजे तो हेल्पर उरला नाही, नुसते पाटे वाढले. काही गाड्यांत तो पूर्ण भरल्यावर जेमतेम टेकतो, म्हणजे शोभेला. अर्ध्या मालाच्या पुढे तो टेकू लागावा आणि पूर्ण मालावर त्याने स्पष्ट वाटा उचलावा. टेकण्याच्या कंसाखाली पट्टी घालून किंवा काढून हे जमवता येते. ते काम अर्ध्या दिवसाचे आहे, पण गाडी दोनदा काट्यावर न्यावी लागते आणि तेच कोणाला नको असते.

नव्या गाड्यांत पॅराबोलिक कमान येते. तिचे पाटे दोन-तीन-चारच, मध्ये जाड आणि टोकाकडे पातळ होत गेलेले, दोन पाट्यांमध्ये फट. तिच्यात जुन्या पद्धतीचा सरळ पाटा घुसवणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. फट बुजते, पाटे घासतात आणि घासल्या जागी चीर सुरू होते. ज्याला ही कमान कळत नाही त्याने तिला हात लावू नये. त्यात कमीपणा नाही.

आता शॉकप. आपल्याकडे शॉकप म्हणजे आरामाची वस्तू अशी समजूत आहे. तेल गळले की काढून फेकतात आणि गाडी तशीच पळवतात. कमान धक्का घेते आणि साठवते. साठवलेला धक्का परत उसळतो. ती उसळी मारण्याचे काम शॉकपचे. जुन्या जाड कमानीत पाटे एकमेकांवर घासतात, त्या घर्षणाने थोडी उसळी मरते, म्हणून शॉकपशिवाय गाडी चालते असे वाटते. दहा चाकी टिपरमध्ये मागे बहुधा शॉकप नसतातच, तिथे सगळे त्या घर्षणावर चालते. पॅराबोलिक कमानीत हे घर्षण फारसे नाही, म्हणून तिथे शॉकप मेला की गाडी नाचते. आणि कमान ताठ केली तर शॉकपही त्या मानाने जोरदार हवा. ताठपणा ६० टक्क्यांनी वाढला तर शॉकपचा जोर अंदाजे पाव हिश्शाने वाढायला हवा. कमान बदलली आणि शॉकप जुनेच ठेवले तर काम अर्धे झाले, असे मी समजतो.

जोर वाढवतानाही तारतम्य हवे. शॉकपमध्ये दाबताना कमी आणि परत येताना जास्त विरोध ठेवलेला असतो. काही जण परतीचा विरोध फार घट्ट असलेला शॉकप आणतात, गाडी "टाइट" वाटावी म्हणून. खाणीच्या वळ्यावळ्यांच्या रस्त्यावर खड्डे इतके लागोपाठ येतात की कमान पुन्हा उघडायच्या आत पुढचा खड्डा येतो. गाडी हळूहळू खाली खाली बसत जाते आणि शेवटी ठोकळ्यावरच चालू लागते. मालकाला वाटते कमान कमी पडली. तो येतो आणि म्हणतो, "उस्ताद, पाटा वाढवा." रोग शॉकपचा आणि औषध कमानीला!

लांबीही पाहावी. पाटे वाढवून गाडी ४० मिलिमीटर उचलली की जुना शॉकप तेवढाच आधी ताणून उघडलेला असतो. चाक खड्ड्यात लोंबकळले की सारा भार शॉकपच्या कानावर येतो. कान उपटण्याचे हे नेहमीचे कारण. दोन्ही टोकांची तपासणी करा. चाक पूर्ण लोंबत असताना शॉकपला थोडी लांबी शिल्लक हवी आणि कमान ठोकळ्याला टेकली असताना शॉकपमध्ये दबायला दोन सेंटिमीटर तरी जागा हवी. चालू आहे की मेला, याची परीक्षा हाताने होते. खराब रस्त्यावरून वीस-पंचवीस मिनिटे गाडी चालवून आणल्यावर दोन्ही बाजूंचे शॉकप जपून हात लावून पाहा. काम करणारा गरम असतो. थंड राहिला तो मेलेला. जोडीतला एक मेला तर दोन्ही बदला.

ब्रेकची एक गोष्ट फार थोडे कमानवाले जाणतात. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर भाराप्रमाणे कमीजास्त करणारा वाल्व असतो. त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. कमान किती दबली यावरून त्या वाल्वला भार कळतो. पाटे वाढवून कमान दबेनाशी केली की भरलेली गाडीही वाल्वला रिकामी वाटते आणि मागच्या चाकांना ब्रेक कमी मिळतो. खाणीच्या उतारावर अठरा टनांची गाडी आणि मागचे ब्रेक अपुरे! कमानीला हात लावला की त्या दांडीची जुळणी तपासलीच पाहिजे. तपासता येत नसेल तर ज्याला येते त्याच्याकडे गाडी पाठवावी.

तुटलेला पाटा भंगारात टाकण्याआधी वाचावा. तुटलेल्या तोंडावर एक भाग काळपट किंवा गंजलेला आणि दुसरा ताजा चकचकीत दिसला, तर चीर जुनी होती आणि उरलेला भाग आज तुटला. मधल्या भोकातून तुटला असेल तर यू बोल्ट सैल होते, हे जवळजवळ नक्की. सेंटर बोल्ट फक्त पाटे जागेवर धरतो, आवळण्याचे काम यू बोल्टचे. डोळ्याजवळ तुटला तर बुश आणि शॅकल पाहा. खालच्या पाट्याचे टोक जेथे टेकते तेथे तुटला तर तिथे घासून खाच पडली आहे का पाहा. जांभ्याचा लाल चिखल पाट्यांच्या मध्ये शिरून सुकतो, पाणी धरून ठेवतो आणि गंजाची खाच करतो. पावसाळ्यानंतर कमान उघडून धुणे आणि ग्रॅफाइट ग्रीस लावणे हे कोकणात तरी नेमाने व्हायला हवे.

भट्टीबद्दलही थोडे. पाट्याचे पोलाद तापवून, तेलात विझवून, पुन्हा कमी उष्णतेवर उतरवून घेतलेले असते. त्यातच त्याची लवचीकता आहे. मध्येच एका जागी लाल करून गोलाई दिली आणि हवेत थंड केले की ती जागा मऊ पडते. तुटलेला पाटा वेल्डिंग करून जोडणे त्याहून वाईट, जोडाच्या शेजारचे पोलाद काचेसारखे ठिसूळ होते. वेल्डरबंधूंनी एक जपावे. बॉडीचे वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा कमानीला लावू नये. ठिणगीचा टिकलीएवढा डाग पडतो आणि पाटा तिथूनच चिरतो. जुन्या बाजारातला चांगला दिसणारा पाटाही किती लाख धक्के खाऊन आला आहे ते डोळ्यांना दिसत नाही. मेन पाट्याला तो वापरू नये.

हे सारे करायचे तर वेळ जातो आणि त्याचे पैसे कोण देणार, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे मजुरी पाट्यामागे किंवा कामामागे ठरते. मोजण्याची मजुरी कोणी मागत नाही, म्हणून कोणी देतही नाही. त्यामुळे पाटा टाकण्यात कमाई आणि "पाटा नको" असे सांगण्यात तोटा, असा उलटा व्यवहार झाला आहे. कंपन्यांची सर्व्हिस सेंटरे तपासणीचे पैसे वेगळे लावतात आणि मालक मुकाट्याने देतो. आपला कारागीर तेच ज्ञान फुकट देतो आणि मग पाट्यात भरून काढतो. तपासणीचा दर ठरवा, दुकानात पाटी लावा. गाडी नंबर, तारीख, रिकामे व भरलेले वजन, दोन्ही बाजूंची उंची, टाकलेल्या पाट्याची जाडी, हे सर्व एका वहीत लिहा आणि त्याची नक्कल मालकाला द्या. पुढच्या वेळी भांडण झाले तर वही बोलेल. ज्याच्याकडे दहा वर्षांची वही आहे त्याला अमुक खाणीवर अमुक गाडीला कोणती कमान टिकते हे कोणत्याही कंपनीच्या माणसाआधी कळेल.

स्पेअर पार्टच्या दुकानदारांनीही पाटा नुसता किलोवर विकू नये. जाडी, रुंदी, कोणत्या गाडीचा आणि कोणत्या कारखान्याचा, हे बिलावर लिहावे. बिल न देता माल विकणारा स्वस्त पडतो खरा, पण पाटा तुटल्यावर गिऱ्हाइकाच्या हातात काहीच नसते.

आणि नवी कमान बसवल्यावर गाडी भरून पहिली फेरी झाली की यू बोल्ट पुन्हा आवळून द्यावेत, भरलेल्या गाडीतच, तिरपे तिरपे, चारी सारखे. आठवड्याने पुन्हा एकदा. पाटे एकमेकांवर बसतात तसे बोल्ट सैल पडतात. जुने ताणलेले यू बोल्ट पुन्हा वापरू नयेत. ही दुसरी आणि तिसरी आवळणी पहिल्या मजुरीतच धरली आहे असे मालकाला आधीच सांगून ठेवावे, म्हणजे तो गाडी घेऊन परत येईल.